प्रोटीनचा डबा, सुकडी आणि तारनाक्याची प्रयोगशाळा

पोस्ट लांबलचक झाली आहे, आधीच सांगून ठेवतो. चहा घेऊनच बसा.

मागच्या दिवाळीत माझी नात घरी आली होती. मुलीची मुलगी. एम.बी.बी.एस. झालेली, इंटर्नशिप संपलेली. घरातल्या सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं की आता पी.जी.ची परीक्षा, मग एम.डी., मग कुठेतरी दवाखाना. ती फराळाचं ताट पुढ्यात घेऊन म्हणाली, "आबा, मला रुग्ण नाही तपासायचेत. मला ग्लोबल हेल्थमध्ये जायचंय. पोषणावर काम करायचंय. बाहेर एक कोर्स मिळतोय, पुढे आंतरराष्ट्रीय संस्थांमध्ये कामं असतात." घरात शांतता पसरली. जावयांनी विचारलं, "म्हणजे डॉक्टर होऊन कागद काळे करणार?" तिची आई माझ्याकडे बघायला लागली. कर्जाला जामीन मीच राहणार होतो ना.

मी कॉमर्सचा माणूस. बी.कॉम. होऊन बँकेत कारकून म्हणून लागलो, अधिकारी म्हणून निवृत्त झालो. औषधातलं मला काही कळत नाही. पण "पोषण" आणि "आंतरराष्ट्रीय" हे दोन शब्द एकत्र ऐकले आणि मला तारनाका आठवला. तारनाक्याबरोबर आणखी एक गोष्ट आठवली, जी मी घरात पन्नास वर्षं कुणाला सांगितली नव्हती. नातीला ती त्या रात्री सांगितली. ती म्हणाली, "आबा, लिहून ठेवा." म्हणून हा खटाटोप.

आधी तारनाका. हैदराबादेतल्या आपल्या लोकांना उस्मानिया विद्यापीठाच्या बाजूची ती आवारभिंत ठाऊक आहे. आत नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ न्यूट्रिशन, म्हणजे एन.आय.एन. आपल्यापैकी कितीतरी जण त्या भिंतीवरून रोज सिटी बसने गेले असतील. आत काय चालतं याचा पत्ता फार थोड्यांना. मलाही नव्हता.

ही संस्था मूळची हैदराबादची नाही. १९१८ साली निलगिरीत, कुन्नूरला, पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एका खोलीत ती सुरू झाली. रॉबर्ट मॅककॅरिसन नावाचे लष्करी डॉक्टर, आणि विषय बेरीबेरीचा शोध. पुढे ती न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीज झाली. १९३५ पासून वॉलेस ॲक्रॉइड तिचे संचालक होते. बंगालच्या दुष्काळाच्या चौकशी आयोगावरही ते होते. दुसऱ्या महायुद्धानंतर संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना, म्हणजे एफ.ए.ओ. निघाली, तेव्हा तिच्या पोषण विभागाचे पहिले संचालक म्हणून हेच ॲक्रॉइड गेले. म्हणजे बघा, कुन्नूरच्या डोंगरावरून एक वाट थेट जागतिक संस्थेत गेली होती, आणि ग्लोबल हेल्थ हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता.

ॲक्रॉइड यांच्यानंतर कुन्नूरला संचालक झाले डॉ. पटवर्धन, आम्ही नाव ऐकलं ते "व्ही. एन. पटवर्धन" असंच. आपला मराठी माणूस. त्यांच्याच काळात, १९५८ साली, ही प्रयोगशाळा कुन्नूरहून हैदराबादला आली. डोंगरावरच्या थंड हवेत बसून कुपोषणाचा अभ्यास करायचा, तर रुग्ण कुठून आणणार? हैदराबादेत उस्मानिया हॉस्पिटल होतं, मुलांचं निलोफर हॉस्पिटल होतं, आणि चहूबाजूंना कोरडवाहू खेडी. पटवर्धन पुढे परदेशी कामात गेले. विल्यम डार्बी या अमेरिकन शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी अरब देशांतल्या पोषणाच्या स्थितीवर १९७२ मध्ये ग्रंथ काढला. हैदराबादच्या मराठी मंडळींत त्यांचं नाव मी क्वचितच ऐकलं. आपण नाटकवाल्यांची नावं लक्षात ठेवतो, गवयांची ठेवतो. असो.

पटवर्धनांनंतर संचालक झाले डॉ. सी. गोपालन. तमिळ माणूस, सेलमचा. १९६१ ते १९७४ हा त्यांचा काळ, आणि माझी गोष्ट त्याच काळातली आहे.

आता थोडं मागे जाऊन जगात काय चाललं होतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

१९३३ साली सिसिली विल्यम्स नावाच्या डॉक्टरीणबाई आफ्रिकेत गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानामध्ये काम करत होत्या. त्यांनी एका रोगाचं वर्णन केलं. अंगाला सूज, केस विरळ नि तांबूस, कातडी सोलल्यासारखी, मूल चिडचिडं नि निस्तेज. नंतर त्यांनी त्याला तिथल्याच गा भाषेतलं नाव दिलं, क्वाशिओरकोर. धाकटं भावंड आलं की अंगावरून तोडलेल्या थोरल्याला होणारा रोग, असा त्याचा अर्थ. आपल्याकडेही पाठच्याने पोर वाळलं असं बायका म्हणतच. विल्यम्सबाईंचा अंदाज होता की मक्याच्या पेजेवर ठेवलेल्या या मुलांना प्रोटीन कमी पडत असावं.

पुढे १९५२ मध्ये ब्रॉक आणि ऑट्रे या दोघांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी आफ्रिकेतल्या या रोगावर अहवाल लिहिला आणि मग प्रोटीन हा विषय जो चढला तो चढलाच. १९५५ मध्ये संघटनेने प्रोटीन ॲडव्हायझरी ग्रुप नेमला. एफ.ए.ओ. आणि युनिसेफ त्यात आल्या. बैठका, परिषदा, तज्ज्ञांचे दौरे. ग्वाटेमालात कापसाच्या सरकीच्या पिठापासून इन्कापरिना बनवलं. माशांचं पीठ निघालं. पेट्रोलियम कंपनीने तेलावर सूक्ष्मजीव वाढवून त्यातून प्रोटीन काढायचा घाट घातला, हे खोटं वाटेल पण खरं आहे. आपल्याकडे म्हैसूरच्या प्रयोगशाळेने शेंगदाण्याच्या पिठात डाळीचं पीठ मिसळून मल्टिपर्पज फूड काढलं. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अहवालच काढला, येऊ घातलेलं प्रोटीनचं संकट टाळण्यासाठी जगाने काय करावं यावर. एकदा संकट हा शब्द कागदावर आला की निधी येतो, निधी आला की पदं येतात, पदं आली की ते संकट टिकवणं भाग पडतं. हे मी बँकेत पाहिलं आहे. एखादी योजना एकदा सुरू झाली की ती बंद करायचं पत्र वरून कधी येत नाही.

आणि या सगळ्याचा शेवटचा थेंब कुठे पडला? आमच्या घरात.

१९७२ साल. मला बँकेत लागून वर्ष व्हायचं होतं. काचीगुड्यात राहायचो. आत्या परभणीकडे एका खेड्यात दिलेली. बारा एकर कोरडवाहू, सगळी ज्वारी. मराठवाड्यातला तो दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. सलग पावसाने दगा दिला होता, आणि ७२ साली तर विहिरी कोरड्या पडल्या. अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनवर मिळायची. तिची भाकरी थापली तर तुटायची आणि खाल्ली तर गिळवत नव्हती. गावोगावी दुष्काळी कामं निघाली होती, खडी केंद्रं. आत्याच्या घरी कधी कुणी दुसऱ्याच्या कामावर गेलं नव्हतं. पण त्या वर्षी आत्या डोक्यावरून पदर ओढून खडी फोडायला जायची. हे तिने आम्हाला कळवलं नव्हतं. माझे वडील गाडीने तिकडे जाऊन आले तेव्हा कळलं.

आत्याची धाकटी मुलगी दोन वर्षांची. तिला सगळे छकुली म्हणत. वडील परत येऊन म्हणाले, पोर नुसतं हाडांचं झालंय, अंगणात बसते ती बसूनच राहते. मी लगेच ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. चांगले, अनुभवी डॉक्टर होते. ते म्हणाले, "प्रोटीन डेफिशिअन्सी. डबा सुरू करा." कोणता डबा तेही लिहून दिलं. त्यांचा काही दोष मी मानत नाही. त्या काळातली सगळी वैद्यकाची पुस्तकं तेच सांगत होती.

पहिल्या पगारातून आईला साडी घेतली होती. त्यानंतर दर महिन्याच्या पगारातून मी एक डबा घेऊन मनमाडकडे जाणाऱ्या मीटरगेज गाडीने कुणाच्या ना कुणाच्या हाती पाठवत राहिलो. मोठा अभिमान वाटायचा. त्या डब्याच्या किमतीत तेव्हाच्या दुष्काळी दरानेही पाच-सहा किलो ज्वारी आली असती.

आणि आता ती गोष्ट, जी मी सांगितली नव्हती. खडी केंद्रावर मजुरांना सुकडी मिळायची. सरकारने सुरू केलेला पिठाचा, गुळाचा, गोडसर, खमंग भुकटीसारखा पदार्थ. आत्या आपल्या वाट्याची सुकडी अर्धी खायची आणि अर्धी पदरात बांधून घरी आणायची. छकुली ती आवडीने खायची. आत्याने पत्रात तसं लिहिलं. मी उलट टपाली लिहिलं की ती सरकारी सुकडी पोरीला देऊ नका, पोट बिघडेल, त्यापेक्षा डबा नियमित द्या, त्यात खरी ताकद आहे. शिकलेल्या, शहरातल्या, बँकेतल्या भाच्याचं पत्र. आत्याने ऐकलं.

१९७३ च्या उन्हाळ्यात गावात गोवर आला. छकुलीला गोवर झाला, मग जुलाब. चार दिवसांत गेली.

पुढची तीन-चार वर्षं मी याचा फार विचार केला नाही. लहान पोरं जायची तेव्हा. मग माझी बदली विद्यापीठाच्या बाजूच्या शाखेत झाली. तिथे एन.आय.एन.च्या लोकांची खाती होती. संस्थेत पोषणाचे अभ्यासक्रम चालत आणि त्यासाठी नेपाळ, ब्रह्मदेश, इंडोनेशिया अशा देशांतून डॉक्टर मंडळी यायची. त्यांच्या भत्त्याचे ड्राफ्ट, ट्रॅव्हलर्स चेक वटवायचं काउंटर माझ्याकडे. पासपोर्टवरची नावं लिहिताना माझी तारांबळ उडायची. या लोकांच्या बरोबर कधी कधी संस्थेतले एक शास्त्रज्ञ येत, मृदू बोलणारे आंध्र गृहस्थ. एकदा दुपारी गर्दी नव्हती. मी सहज विचारलं, "सर, तुमच्या इथे नवीन काही शोध?" आणि सहजच सांगितलं की आमच्याकडे एका मुलीला आम्ही प्रोटीनचा डबा देत होतो.

त्यांनी काउंटरवरचं एक पासबुक उचललं. म्हणाले, "हे बघा. शरीराला रोजचा खर्च असतो. श्वास, हालचाल, ऊब. तो चालू खात्यातून जातो, ते म्हणजे कॅलरी. प्रोटीन ही तुमची फिक्स्ड डिपॉझिट, त्यातून वाढ होते, झीज भरते. आता चालू खात्यात पैसेच नसतील तर माणूस काय करतो? एफ.डी. मोडतो. उपाशी मुलाच्या पोटात तुम्ही महागडं प्रोटीन घातलंत तर शरीर ते सरपण म्हणून जाळून टाकतं. वाढीला काही उरत नाही."

मला कुणी इतक्या सोप्या भाषेत कॅलरी समजावली नव्हती. पुढे त्यांनी त्यांच्या संस्थेच्या प्रयोगाचं सांगितलं, आणि तो नंतर मी वाचलाही. हैदराबादकडच्या खेड्यांतल्या मुलांच्या आहाराच्या पाहण्या केल्या, तर असं दिसलं की भाकरी, भात, डाळ जे काही ही मुलं खातात, तेच पोटभर खाल्लं तर प्रोटीन बहुतेक पुरतं. कमी पडतं ते एकूण अन्नच, दिवसाला सुमारे तीनशे कॅलरी. मग गोपालन आणि सहकाऱ्यांनी एक ते पाच वर्षांच्या तीनशेच्या वर मुलांना चौदा महिने रोज एक खाऊ दिला. गव्हाचं पीठ, साखर आणि तेल. बस्स. त्यातून ३१० कॅलरी मिळायच्या आणि प्रोटीन अवघं ३ ग्रॅम. ज्यांना हा खाऊ मिळाला ती मुलं वजनाने आणि उंचीने बाकीच्यांपेक्षा चांगली वाढली. १९७३ मध्ये हे अमेरिकेतल्या नामांकित नियतकालिकात छापून आलं.

गव्हाचं पीठ, साखर, तेल. काउंटरमागे मी उभाच राहिलो. ही तर सुकडीची चुलत बहीण झाली.

त्या रात्री घरी मी हिशेब मांडला. हिशेब तेवढा येतो मला. गोपालन यांच्याच संस्थेचं भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचं पुस्तक त्या शास्त्रज्ञांनी मला वाचायला दिलं होतं, त्यात ज्वारीपुढे १०० ग्रॅमला ३४९ कॅलरी आणि १०.४ ग्रॅम प्रोटीन असा आकडा आहे. डबा अर्ध्या किलोच्या आतबाहेरचा, महिनाभर पुरवायचा म्हणजे दिवसाला पंधरा ग्रॅम पूड. त्यातून मिळणार पंचावन्न-साठ कॅलरी आणि पाच ग्रॅम प्रोटीन. त्याच पैशांत सहा किलो ज्वारी, दिवसाला दोनशे ग्रॅम. म्हणजे सुमारे सातशे कॅलरी, आणि प्रोटीन वीस ग्रॅमच्या वर. प्रोटीनसुद्धा ज्वारीतच जास्त होतं! दोन वर्षांच्या पोराला दोनशे ग्रॅम ज्वारीची भाकरी जाणार नाही, पोट तेवढंसं असतं, आणि ज्वारीचं प्रोटीन दुधाच्या तोडीचं नाही, हे मान्य. पण भाकरी कुस्करून गूळ-तेल घालून घरच्या पाचही जणांच्या वाट्याला गेली असती. मी तो कागद दोनदा तपासला, बेरीज चुकली असेल म्हणून. चुकली नव्हती.

गोवर छकुलीला सुकडी खाऊनही झालाच असता. ती वाचली असती असं मी म्हणत नाही. नातीलाही तसं म्हटलं नाही.

आता या गोष्टीतला दुसरा मराठी माणूस. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातलं बुध हे त्यांचं गाव, जन्म १९११ चा. फर्ग्युसन कॉलेज, मग लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्राची पीएच.डी., १९३६ साली. परत येऊन शेती संशोधनात पिकांच्या उत्पादनाचे नमुना अंदाज कसे काढायचे यावर काम केलं. १९५१ मध्ये ते रोमला एफ.ए.ओ.त गेले आणि जवळजवळ वीस वर्षं तिथे संख्याशास्त्र विभाग सांभाळला. लक्षात घ्या, डॉक्टर नव्हेत, आहारतज्ज्ञ नव्हेत. आकड्यांचा माणूस. आपल्या जावईबापूंसाठी हे वाक्य मी मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं.

ते रोमला गेले तेव्हा जगात एक वाक्य सर्रास फिरत होतं, एफ.ए.ओ.चे पहिले महासंचालक बॉइड ऑर यांच्या लेखातून आलेलं, की जगातली दोनतृतीयांश माणसं भुकेली आहेत. कुणाला ते खोडायची इच्छा नव्हती, कारण ऐकायला परिणामकारक होतं. सुखात्म्यांनी १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे निबंध वाचला आणि सांगितलं की नीट मोजलं तर पोटभर न मिळणारे दहा ते पंधरा टक्के, आणि आहाराचा दर्जाही धरला तर भूक किंवा कुपोषण सोसणारे अर्ध्यापर्यंत. भुकेचा आकडा कमी करून सांगणं म्हणजे गरिबांशी दगाबाजी, असं काहींना वाटलं असणार. पण फुगवलेल्या थकबाकीवर वसुली होत नाही, हे कुठलाही बँकवाला सांगेल.

मग १९७० मध्ये त्यांनी भारतातल्या आहार पाहण्यांचे आकडे घेऊन दाखवलं की ज्यांना प्रोटीन कमी पडतं त्यांना बहुतेक सगळ्यांना मुळात अन्नच कमी पडतं. म्हणजे रोमहून आकड्यांच्या वाटेने आणि तारनाक्याहून पीठ-साखर-तेलाच्या वाटेने दोन माणसं एकाच ठिकाणी पोचली. १९७१ च्या तज्ज्ञ समितीने मुलांच्या प्रोटीनची गरज खाली आणली. आणि जुलै १९७४ मध्ये डोनाल्ड मॅकलॅरन या बैरुतच्या डॉक्टरांनी लॅन्सेटमध्ये या सगळ्या प्रकरणाला महान प्रोटीन फजिती म्हणून टाकलं. प्रोटीन ॲडव्हायझरी ग्रुप १९७७ मध्ये गुंडाळला गेला. डबे मात्र दुकानात राहिले. आजही आहेत. आमच्या शेजारचा कॉलेजातला मुलगा व्यायामशाळेतून येताना बादलीएवढा घेऊन येतो.

गोपालन आणि सुखात्मे इथे एका बाजूला, पण पुढे तसं राहिलं नाही. निवृत्तीनंतर सुखात्मे पुण्यात आले. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास आला होता. माणशी दिवसाला २२५० कॅलरी मिळवून देईल इतका खर्च ही रेषा धरून त्यांनी ग्रामीण भागात सुमारे ४० टक्के आणि शहरांत सुमारे ५० टक्के लोक तिच्याखाली आहेत असं काढलं होतं. सुखात्म्यांचा आक्षेप असा, की २२५० ही सरासरी गरज. निरोगी, खाऊनपिऊन सुखी लोकांतही अर्धे सरासरीच्या खालीच असणार! शिवाय एकाच माणसाची गरज आठवड्या-आठवड्याला बदलते आणि शरीर एका मर्यादेत जुळवून घेतं. तेव्हा सरासरीच्या बऱ्याच खाली जो आहे त्यालाच उपाशी म्हणा. दांडेकरांनी याला जोरदार उत्तर दिलं. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत ही पुण्यातल्या दोन दिग्गजांची जुगलबंदी चालली होती. आमच्या बँकेच्या ट्रेनिंग सेंटरच्या वाचनालयात तो अंक यायचा, मी ती वाचायचो. अर्धं डोक्यावरून जायचं.

पण एक गोष्ट मला तेव्हाही खटकली होती. डेव्हिड सेकलर नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने याच विचाराचा धागा धरून म्हटलं की भारतातली बुटकी, बारीक मुलं लहान पण निरोगी आहेत. गोपालन खवळले. कमी अन्नाशी जुळवून घेणं म्हणजे काय, तर वाढ थांबवणं, हालचाल कमी करणं. त्याला निरोगी म्हणता? मला माझ्या वडिलांचं वाक्य आठवलं, "अंगणात बसते ती बसूनच राहते." छकुलीनेही जुळवूनच घेतलं होतं. या वादात मी गोपालन यांच्या बाजूचा. सुखात्म्यांबद्दल आदर ठेवून.

ते १९९७ मध्ये पुण्यात गेले. गोपालन २०१९ मध्ये, शंभरी ओलांडून.

हैदराबादच्या त्या प्रयोगशाळेचं आणखी एक काम सांगून थांबतो, कारण ते आपल्या ताटाशी जोडलेलं आहे. तेलंगण आणि मराठवाड्याच्या ज्वारी खाणाऱ्या गरीब माणसांत पेलाग्रा दिसायचा. उन्हाला उघड्या असलेल्या भागांवर काळे चट्टे, जुलाब, डोक्याचा तोल जाणं. जगभरातल्या पुस्तकांत तो मका खाणाऱ्यांचा रोग. गोपालन आणि श्रीकांतय्या यांनी १९६० मध्ये लॅन्सेटमध्ये लिहिलं की ज्वारीत ल्युसीन हा घटक जास्त असतो, आणि नुसत्या ज्वारीवर राहणाऱ्याच्या अंगी नायासिन या जीवनसत्त्वाची ओढाताण त्यामुळे वाढते. यावर वाद पुष्कळ झाले. ज्वारीला नावं ठेवू नका, भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी, ताक असलं की काही होत नाही. ज्याच्या ताटात भाकरीशिवाय काहीच नाही त्याचं ते दुखणं. अ जीवनसत्त्वाचंही तसंच. मुलं आंधळी होऊ नयेत म्हणून एक ते पाच वर्षांच्या मुलांना सहा महिन्यांनी दोन लाख युनिटचा डोस, ही १९७० ची राष्ट्रीय योजना याच तारनाक्याच्या कामातून उभी राहिली. आपल्या घरातल्या पोरांनी अंगणवाडीत चमच्याने ते पिवळं औषध घेतलं असेल. अंगणवाडी म्हणजे आय.सी.डी.एस., २ ऑक्टोबर १९७५ ला ३३ गटांत सुरू झालेली.

तर नातीचं. जावयांचा विरोध अजून पूर्ण मावळलेला नाही, पण पटवर्धन आणि सुखात्मे यांची नावं सांगितल्यावर थोडे नरमलेत. "कागद काळे करणं" म्हणजे काय असतं हे त्यांना मी छकुलीच्या हिशेबाचा कागद दाखवून सांगितलं. तो कागद अजून माझ्याकडे आहे, बँकेच्या जुन्या व्हाउचरच्या पाठीवर लिहिलेला. नातीने त्याचा फोटो काढून घेतला. एक चूकही काढली तिने: मी ज्वारीचा आकडा न शिजवलेल्या धान्याचा धरलाय आणि दळताना होणारी घट वजा केली नाही. मी म्हटलं, घट वजा कर आणि बघ. तिने बघितलं. फरक पडतो, उत्तर बदलत नाही.

जामीनपत्रावर मी सही केली आहे. सप्टेंबरात ती जाईल.

मागच्या महिन्यात तिला घेऊन परभणीला गेलो होतो. आत्या नव्वदीच्या पुढे आहे, ऐकू कमी येतं. नातीने तिला विचारलं, "आजी, सुकडी कशी करायची?" आत्या बराच वेळ आठवत बसली. मग म्हणाली, "आम्ही कुठं करत होतो बाई, ती आयतीच मिळायची. गोड असायची." स्वयंपाकघरात फळीवर तो टिनचा डबा अजून आहे, रंग उडालेला. आत्या त्यात मोहरी ठेवते.

इथल्या कुणाच्या घरात एन.आय.एन.मध्ये नोकरी केलेले कुणी असतील, तर तिथल्या आठवणी जरूर लिहा. आणि ७२ च्या सुकडीची नेमकी कृती कुणाकडे असेल तर तीही. नातीला हवी आहे.